टीव्ही वीज कमी खातो, बोलणी जास्त

महावितरणचं बिल दारात येऊन पडलं की डोंबिवलीच्या रामनगरपासून ठाण्याच्या नौपाड्यापर्यंत घराघरांत आरोपी ठरलेला असतो. “दिवसभर तो डबा चालू, मग बिल येणार नाही तर काय!” डबा बिचारा भिंतीवर टांगलेला; उलट उत्तर देत नाही. वकीलपत्र आपणच घेऊ. पुढच्या हिशेबात काही निर्दोष सुटतील, काही नवे आरोपी पकडले जातील.

गिझरची पंधरा मिनिटं

एक हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. सध्याचा ४३ इंची एलईडी टीव्ही साधारण ८० वॅट घेतो. म्हणजे एका युनिटमध्ये तो साडेबारा तास चालतो. दोन हजार वॅटचा गिझर तेवढंच युनिट अर्ध्या तासात फस्त करतो. सकाळी कोणी आंघोळीला “आलोच” म्हणून गिझर पंधरा मिनिटं जास्त चालू ठेवला, तर त्या विजेत संध्याकाळी सातपासून रात्री एकपर्यंत टीव्ही बघून होईल. तरी “गिझर बंद कर” हे एकदा म्हटलं जातं आणि “टीव्ही बंद कर” दहादा. टीव्ही हॉलमध्ये असतो, सगळ्यांसमोर असतो आणि आवाज करतो, एवढाच त्याचा गुन्हा.

टीव्हीच्या पाठीवरच्या स्टिकरवर १२० किंवा १४० वॅट लिहिलेलं दिसलं तर दचकू नका. तो आकडा कमाल मर्यादेचा असतो; रोजच्या बघण्यात टीव्ही तिथवर सहसा जात नाही.

एकच टीव्ही, तीन भाव

रोज सहा तास चालणारा हा ८० वॅटचा टीव्ही महिन्याला १४.४ युनिट घेतो. पैसे किती? ते टीव्हीपेक्षा बाकीच्या घरावर ठरतं. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटना वहन आकारासह ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० युनिटना ११ रुपये ४६ पैसे आणि ३०१ ते ५०० युनिटना १५ रुपये ७२ पैसे असा दर होता. शंभरी ओलांडली की दर जवळजवळ दुप्पट!

आता कल्याणला लाल चौकीच्या एखाद्या जुन्या वाड्यातलं दोन माणसांचं घर घ्या. पंखा, फ्रिज, टीव्ही. महिन्याचे ९० युनिट. त्यांचा टीव्ही ८५ रुपयांत चालतो. तोच टीव्ही घोडबंदर रोडवरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये न्या. तिथे वॉशिंग मशीन आलं, ओव्हन आला, दोनशे युनिट सहज झाले. त्या घरात टीव्ही बंद ठेवला तर वाचतील १६५ रुपये. मे महिन्यात दोन एसी लागले आणि मीटर ४०० वर गेला की त्याच टीव्हीचे २२६. मालिका तीच, सासू तीच, सून तीच, बिल मात्र अडीचपटीच्या वर. शिवाय या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क.

एक गैरसमज मात्र सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर उन्हाळ्यात उगवतो: ३०१ वं युनिट झालं की सगळीच्या सगळी युनिटं महाग दराने लागतात. तसं होत नाही. पहिली शंभर पहिल्याच दराने लागतात, पुढची दोनशे दुसऱ्या दराने; महाग पडतात ती फक्त वरची.

खरा खाऊ शेजारी बसलेला असतो

टीव्हीखालच्या फळीवर, रुमाल आणि रिमोटच्या कव्हरमागे, एक काळी डबी असते. हात लावला तर कोमट लागते. सेट टॉप बॉक्स.

केंद्र सरकारच्या केबल डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं होती आणि त्यांत ठाणे व कल्याण-डोंबिवली ही दोन्ही. मुदत होती ३१ मार्च २०१३. तोवर केबलची वायर भिंतीतून थेट टीव्हीत जायची. त्यानंतर मध्ये ही डबी आली, आणि आली ती मुक्कामालाच. रिमोटने ‘बंद’ केली की दिव्याचा हिरवा रंग लाल होतो, बाकी आत काम जवळपास तसंच चालू राहतं. बऱ्याच बॉक्सची स्टँडबायमधली भूक चालू असतानाच्या भुकेहून थोडीशीच कमी असते.

दहा वॅटचा बॉक्स दिवसरात्र चालला तर महिन्याला ७.२ युनिट. आता शेजारच्या बेडरूममधला ३२ इंची, ४० वॅटचा टीव्ही रोज सहा तास चालवला तर? ७.२ युनिट! मुंगीएवढी डबी आणि भिंतीवरचा टीव्ही, दोघांचं जेवण एकच.

वर्षाचा हिशेब मधल्या दराने केला तर त्या डबीचे हजार रुपये होतात. त्यापैकी साडेसातशे, कोणी काही बघत नसतानाचे.

जरा शहराच्या पातळीवर जाऊ. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या १२ लाख ४७ हजार होती. घरटी चार माणसं धरली तर तीन लाख घरं. त्यातल्या निम्म्याच घरांत असा बॉक्स आहे आणि तो रोज १८ तास रिकामा चालतो असं समजू. रोजचे २७ हजार युनिट. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या २७० घरांचं महिन्याभराचं बिल ही शहरं एका दिवसात रिकाम्या डब्यांवर उडवतात. अंदाज कच्चा आहे. पण कच्चा असूनही बोचतो.

बाबांचं मेन बटण

“रिमोटने नको, बटण बंद कर!” हे वाक्य प्रत्येक मराठी घरात एका तरी माणसाच्या तोंडी असतं. ते कितपत खरं? निव्वळ टीव्हीपुरतं बोलायचं तर फारसं नाही. नवे टीव्ही स्टँडबायमध्ये अर्धा वॅट किंवा त्याहून कमी घेतात. रोजचे १८ तास धरले तरी वर्षाला सव्वातीन युनिट, म्हणजे चाळीस रुपयांच्या आत. पण बॉक्सचा प्लग त्याच बोर्डावर असतो, आणि मग बाबा एकदम साडेसातशे रुपयांनी बरोबर ठरतात. कारण त्यांनी वेगळं सांगितलेलं असतं, हा भाग निराळा.

स्मार्ट टीव्हीत ‘क्विक स्टार्ट’ नावाचा पर्याय असतो. तो चालू ठेवला तर टीव्ही झोपत नाही, नुसता डोळे मिटून पडतो, आणि स्टँडबायची वीज वाढते. दहा सेकंद थांबायची तयारी असेल तर तो बंद केलेला बरा.

मीटर रूममधला लाल ठिपका

हे सगळं कागदावरचं. घरच्या टीव्हीची खरी भूक मोजायला उपकरण विकत घ्यायची गरज नाही, ते तळमजल्यावर जिन्याखाली आधीच टांगलेलं आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर तो आकडा ३२०० असतो.

दोघं जण लागतात. एकाने वर घरात फ्रिजसकट सगळं बंद करायचं आणि फक्त टीव्ही लावायचा. दुसऱ्याने मोबाइल कानाला लावून मीटर रूममध्ये जायचं. तिथे पंधरा-वीस मीटर एका रांगेत, प्रत्येकावर खडूने किंवा मार्करने फ्लॅट नंबर, काही पुसलेले. त्यामुळे आधी “मेन स्विच खालीवर कर बघू” म्हणून आपला मीटर ओळखायचा. मग दोन लुकलुकींमधलं अंतर सेकंदात मोजायचं. ३२०० चा मीटर असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा; आलेलं उत्तर वॅट. चौदा सेकंद आले तर टीव्ही ८० वॅटचा. टीव्ही काढून एकटा बॉक्स ठेवला तर पुढच्या ठिपक्याची पावणेदोन-दोन मिनिटं वाट बघावी लागते, आणि तो येतोच.

फोनवर “आता?” “थांब… आता!” असं चाललेलं बघून वॉचमन काय समजेल ते समजेल. पण पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना हा संवाद ओळखीचा वाटेल.

आलं, आलं… गेलं!

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. मनोरा वरळीला, आणि बघणारे पार कल्याणपर्यंत. त्यामुळे इमारतींच्या गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना उभे राहिले, सगळ्यांची तोंडं वरळीकडे. कावळा बसला की तोंड फिरायचं, मग एक जण गच्चीवर, एक जण गॅलरीत आणि एक जण टीव्हीसमोर अशी साखळी लावून ‘चिमणराव’ परत आणावे लागायचे. टीव्ही ठेवायला पोस्टातून लायसन्स काढावं लागे. ते १९८५ मध्ये रद्द झालं.

त्या काळातला एक हिशेब मात्र आजच्या घरांना लाजवेल. २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं. चाळीत एका २१ इंची रंगीत टीव्हीसमोर तीस माणसं बसली असं धरा. पिक्चर ट्यूबचा तो टीव्ही साधारण ८० वॅट घ्यायचा. माणशी तीन वॅटसुद्धा नाहीत! आज हॉलमध्ये एकटे आजोबा बातम्या बघतात तेव्हा माणशी ८० वॅट पडतात.

तंत्रज्ञानाने प्रगती केली ती अशी: तेवढ्याच विजेत आजचा ४३ इंची टीव्ही पावणेचारपट मोठं चित्र दाखवतो. मधल्या काळात प्लाझ्मा नावाचा एक पाहुणा येऊन गेला. ४२ इंचाला दोनशे-तीनशे वॅट खाणारा आणि हिवाळ्यात खोली ऊबदार ठेवणारा. डोंबिवलीला हिवाळाच नसल्यामुळे ती सोय वाया गेली.

घरातली बावीस केव्ही

ठाणे-कल्याणच्या गल्लीबोळांतून महावितरणच्या ज्या उच्चदाब वाहिन्या जातात त्या २२ केव्हीच्या, म्हणजे २२ हजार व्होल्टच्या. ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणावर कवटी आणि हाडं रंगवलेली असतात ती त्याचसाठी. जुन्या रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला लागायचे सुमारे २५ हजार व्होल्ट. कवटीच्या पाटीपेक्षा जास्त दाब आपण शोकेसमध्ये, नक्षीकाम केलेल्या रुमालाखाली आणि पितळी मोराच्या शेजारी ठेवत होतो. करंट अगदी कमी असायचा खरा, पण ट्यूबमध्ये साठलेला दाब टीव्ही बंद केल्यावरही टिकायचा. म्हणून मेकॅनिक आला की मागचं झाकण उघडून आधी स्क्रूड्रायव्हर आणि वायरने तो उतरवायचा; ‘टक्क’ असा आवाज यायचा आणि घरातली पोरं मागे सरायची.

आणि हो, शेजाऱ्याला जळवणारी ती सैतानाची जाहिरात आठवते? त्या ओनिडा टीव्हीचा कारखाना भिवंडी-वाडा रस्त्यावर. वाडा तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला.

चंद्रपूरचा कोळसा, पडघ्याचं वळण

कल्याणहून नाशिकच्या दिशेने निघालं की पडघा लागतं. प्रवाशांना ते माहीत असतं जेवणाच्या ढाब्यांसाठी. पण तिथे एक वीज उपकेंद्र आहे, ज्याच्याशी आपल्या टीव्हीचं थेट नातं आहे. चंद्रपूरहून निघालेली, अधिक-उणे ५०० केव्हीची आणि १५०० मेगावॅट क्षमतेची ७५२ किलोमीटरची वाहिनी इथे संपते. १९९९ मध्ये ती कार्यान्वित झाली.

गंमत अशी की तिच्यातून येते ती डीसी वीज. लांबच्या पल्ल्याला डीसीत गळती कमी होते, म्हणून चंद्रपूरला एसीची डीसी करतात, पडघ्याला डीसीची पुन्हा एसी, ती वेगवेगळ्या उपकेंद्रांतून आपल्या प्लगपर्यंत येते, आणि टीव्हीच्या आतला पॉवर सप्लाय बोर्ड काय करतो? एसीची परत डीसी! महाराष्ट्र आडवा ओलांडून आलेल्या विजेचे शेवटचे कपडे टीव्हीच्या पोटात बदलले जातात. पावसाळ्यात पहिला विजेचा लोळ पडला की टीव्हीत जळतो तो बहुतेकदा हाच बोर्ड.

औष्णिक केंद्रात एका युनिटला पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागतो. आपल्या ८० वॅटच्या टीव्हीच्या महिन्याच्या १४.४ युनिटमागे झाला दहा-अकरा किलो. हॉलच्या कोपऱ्यात दर महिन्याला कोळशाचं पोतं आणून टाकलं असतं तर रिमोट कोणाकडे यावरून भांडणं कमी झाली असती का? वाटत नाही.

या पडघ्याची दुसरी ओळख १२ ऑक्टोबर २०२० ची. त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा वाहिन्यांच्या बिघाडाने मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवलीचे दिवे गेले. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. मुंबई अंधारात गेल्याची ब्रेकिंग न्यूज देशभर चालू होती. फक्त ज्यांच्याबद्दल ती होती त्यांचे टीव्ही बंद होते.

इंग्रजांची किटली, आपला घाटघर

४ जुलै १९९० ला फुटबॉल विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरलं. सामना संपताक्षणी लाखो इंग्रज उठले आणि चहासाठी विजेच्या किटल्या लावल्या. मागणी एकदम २८०० मेगावॅटने उसळली. आपल्याकडे भारत हरला तरी चहा गॅसवर होतो, त्यामुळे महावितरण सुरक्षित.

तरी संध्याकाळची उसळी आपल्यालाही असतेच. ऑफिसवाले लोकलमधून उतरून घरी पोचतात, दिवे, पंखे, टीव्ही एकदम लागतात. या वेळेसाठी ठाणे जिल्ह्यात एक छुपा भिडू आहे. शहापूर तालुक्यात चोंढे इथे, डोंगराच्या पोटात, घाटघरचं २५० मेगावॅटचं वीजगृह. रात्री वीज स्वस्त असताना खालचं पाणी पंपाने सह्याद्रीच्या वर चढवायचं, संध्याकाळी तेच खाली सोडून वीज करायची. इंग्रजांची ती एक किटली निभवायला असे अकराच्या वर घाटघर लागले असते.

दिवे बंद, रामायण चालू

कोरोनाच्या टाळेबंदीत, ५ एप्रिल २०२० ला, पंतप्रधानांच्या आवाहनानुसार रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे घालवायचे होते. टीव्ही, फ्रिज, पंखे चालू ठेवा असं सरकारने मुद्दाम सांगितलं होतं, कारण सगळंच एकदम बंद झालं तर ग्रिड गडबडली असती. तरी देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने घसरली आणि जलविद्युत केंद्रांनी ती सांभाळली. त्याच दिवसांत दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा सुरू होतं, आणि त्याची वेळ? रात्री नऊ! गॅलरीत पणत्या आणि आत अंधाऱ्या हॉलमध्ये राम.

इंच फसवतात

दुकानात आपण ४३ वरून ५५ वर जातो तेव्हा “बाराच इंच तर जास्त” असं वाटतं. इंच तिरके मोजतात, वीज मात्र क्षेत्रफळावर लागते. ५५ चा पडदा ४३ च्या १.६ पट असतो आणि ३२ च्या जवळपास तिप्पट. त्यात फोर-के घेतला की बारीक ठिपक्यांच्या दाटीतून उजेड बाहेर ढकलायला मागचा दिवा आणखी जोरात लावावा लागतो. युरोपात १ मार्च २०२३ पासून वीजवापराची मर्यादा इतकी कडक झाली की एट-के टीव्ही कंपन्यांना ते मंद मोडवर सेट करून विकावे लागले.

एलईडी टीव्हीत बहुतेक वीज या मागच्या दिव्यालाच जाते. आणि शोरूमचा भगभगीत ‘विव्हिड’ मोड कित्येक घरांत तसाच राहतो. ‘स्टँडर्ड’ किंवा ‘इको’ करून पुन्हा मीटर रूममध्ये जा. चौदा सेकंदांचं अंतर वीसवर गेलं तर ८० चे ५६ वॅट झाले. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सीच्या स्टारच्या स्टिकरवर वर्षाची युनिटं छापलेली असतात. दुकानात तारे मोजण्याऐवजी तो आकडा वाचावा. तारे त्या त्या मापाच्या टीव्हीला मिळतात. पाच तारेवाला मोठा टीव्ही तीन तारेवाल्या छोट्याहून जास्त वीज खाऊ शकतो.

इन्व्हर्टरवर पॉइंट घ्यायचा का?

लोडशेडिंगच्या वर्षांत, म्हणजे २००५ नंतर, कल्याण-डोंबिवलीत इन्व्हर्टर बसवायला आलेला वायरमन हमखास विचारायचा, “टीव्हीचा पॉइंट घ्यायचा का?” दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, प्रत्यक्षात हाती लागतात बाराशेच्या आसपास. एक पंखा, एक ट्यूब आणि टीव्ही लावला की सहा तास. टीव्ही काढला की दहा तास. बहुतेक घरांत उन्हाळ्यात पंखा जिंकायचा. परीक्षा चालू असेल तर प्रश्नच नव्हता.

विजेपेक्षा केबल भारी

२०१९ च्या नव्या नियमांनंतर केबलचं मूळ भाडं होतं १३० रुपये, करासह १५३ रुपये ४० पैसे. पैसे देऊन घ्यायचे चॅनेल वेगळे. लाल चौकीच्या त्या घरात टीव्हीची वीज ८५ रुपये. बघायच्या गोष्टीला जास्त आणि बघायच्या यंत्राला कमी! मोबाइलवर बघितलं तर आणखीच गंमत: एका पूर्ण चार्जिंगला २५ वॅट-तासांच्या आसपास लागतात, तेवढ्यात टीव्ही एकोणीस मिनिटं चालतो. जाहिराती धरल्या तर मालिकेचा एक भागही होत नाही.

तीन पैशांची दुपार

स्मार्ट मीटर लागलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचमधल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत सुरू झाली. रात्री आठचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या पुनर्प्रक्षेपणात बघितला तर ही सवलत टीव्हीलाही लागू. अर्ध्या तासाच्या भागाला ०.०४ युनिट, वाचले तीन पैसे. आणि दुपारी दोनपर्यंत शेवट न कळता राहायचं असेल तर सकाळी भाजीवाल्याकडे, लिफ्टमध्ये आणि दूधकेंद्रावर कानात बोळे घालून जावं लागेल, ते आपले आपण बघावं.